शाळा सोडल्याचे दाखले, मेल मर्ज आणि मॅक्रो

एप्रिलच्या अखेरीस वार्षिक निकाल तयार झाला की प्राथमिक शाळेच्या दप्तरावर एकाएकी मोठा भार येतो. शेवटची इयत्ता उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलास शाळा सोडल्याचा दाखला द्यावयाचा असतो, आणि हायस्कुलातील प्रवेशासाठी पालकांना तो ठरल्या दिवशी हातात हवा असतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांतील शाळांवर हा भार वर्षातून एकदाच येतो असेही नाही. तेथील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर निफाड व दिंडोरीकडील द्राक्षबागांत कामास उतरतात. पालक सायंकाळी शाळेत येतात आणि उद्या पहाटे निघावयाचे आहे असे सांगतात. हंगामापुरते जाणाऱ्या मुलास शिक्षण हमी कार्ड आणि कायमचे जाणाऱ्यास दाखला, असे दोन्ही कागद मुख्याध्यापकास अल्प अवधीत तयार करावे लागतात.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम ५ प्रमाणे दुसऱ्या शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलास मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ दिला पाहिजे. विलंब केल्यास तो शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. दाखला मिळाला नाही एवढ्या कारणावरून नव्या शाळेस प्रवेश नाकारता अथवा लांबविता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. कायद्याचा हेतू स्पष्ट आहे. कागदामुळे मुलाचे शिक्षण अडू नये. तथापि कागद घाईने लिहिला आणि त्यात चूक राहिली तर तीच चूक मुलाच्या पाठीमागे दहावीपर्यंत व त्यापुढेही जाते. त्वरा आणि बिनचूकपणा या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा येथील खरा प्रश्न होय.

पूर्वी ही सोय छापील दाखला-पुस्तकात होती. पानाच्या एका अंगास स्थळप्रत व दुसऱ्या अंगास दाखला असे, मध्ये छिद्रांची रेघ असे. गुरुजी जनरल रजिस्टर समोर उघडून दोन्ही बाजूंस एकच मजकूर लिहीत, सही-शिक्का करीत आणि दाखला फाडून पालकाच्या हाती देत. स्थळप्रत शाळेत राही. पुढे काही वर्षांनी वाद निघालाच तर शाळेने काय लिहून दिले होते, हे त्या स्थळप्रतीवरून कळे. अनेक शाळांत आता संगणक आला आहे व दाखले त्यावर तयार होऊ लागले आहेत. परंतु स्थळप्रतीची ही जागा संगणकात कोणी घ्यावयाची याचा विचार पुष्कळदा राहून जातो. प्रत्येक मुलाचा दाखला वेगळ्या फाइलीत आपोआप जतन करणारा मॅक्रो ती जागा घेऊ शकतो. म्हणूनच तो समजून घेण्याजोगा आहे.

प्रथम मेल मर्ज म्हणजे काय ते पाहू जाता, त्याचे उत्तम उदाहरण नाशिककरांच्या शेजारीच आहे. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये पारपत्राच्या पुस्तिका छापल्या जातात. तेथून बाहेर पडणारी पुस्तिका क्रमांकाखेरीज सर्वांसाठी सारखी असते. नाव, जन्मतारीख, छायाचित्र हा व्यक्तीगणिक बदलणारा भाग पारपत्र कार्यालयात तिच्यावर उमटतो. न बदलणारा नमुना एकीकडे आणि बदलणारी माहिती दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. मेल मर्जमध्ये हेच घडते. दाखल्याचा विहित नमुना मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये एकदाच तयार करावयाचा. मुलांची माहिती एक्सेलच्या तक्त्यात भरावयाची, प्रत्येक मुलास एक ओळ आणि रजिस्टर क्रमांक, नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मतारीख अक्षरी, प्रवेशाची तारीख अशा प्रत्येक बाबीस एक रकाना. मग वर्डच्या ‘मेलिंग्ज’ या विभागात जाऊन ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’ने तो तक्ता नमुन्यास जोडावयाचा, आणि ‘इन्सर्ट मर्ज फील्ड’ने नमुन्यातील रिकाम्या जागी त्या त्या रकान्याचे नाव बसवावयाचे. ‘प्रिव्ह्यू रिझल्ट्स’ दाबले की एकेका मुलाचा भरलेला दाखला पडद्यावर दिसू लागतो.

येथवरचा भाग अनेक शिक्षकांच्या परिचयाचा आहे. अडचण पुढे येते. ‘फिनिश अँड मर्ज’मधील ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ या पर्यायाने सर्व मुलांचे दाखले एकापाठोपाठ एक असे एकाच लांबलचक फाइलीत निघतात. अडतीस मुले असतील तर अडतीस दाखल्यांची एकच फाइल होते. ऑगस्टमध्ये एखाद्या हायस्कुलाने एका मुलाच्या दाखल्याची प्रत मागितली की त्या फाइलीतून ते पान शोधावे, कापावे, नव्या फाइलीत चिकटवावे आणि पानाच्या कडा पुन्हा जुळवाव्या लागतात. ते करताना शेजारच्या मुलाची ओळ सोबत येण्याचा संभव असतो. केवळ कागदावर छापून वाटप करणे एवढाच हेतू असेल, तर मात्र या खटाटोपाचे कारण नाही. त्याच ठिकाणचा ‘प्रिंट डॉक्युमेंट्स’ हा पर्याय पुरेसा आहे. मॅक्रो हवा तो जतन करण्यासाठी.

मॅक्रो म्हणजे संगणकास आधीच लिहून दिलेल्या आज्ञांची मालिका. वर्डमध्ये ती व्हिज्युअल बेसिक नामक भाषेत लिहिली जाते. वर्डच्या १९९७ सालच्या आवृत्तीपासून ही सोय त्यात आहे. ऑल्ट व एफ-११ या कळा एकत्र दाबल्या की मॅक्रो लिहिण्याची खिडकी उघडते, आणि ऑल्ट व एफ-८ दाबले की तयार मॅक्रोंची यादी दिसते. आज्ञा इंग्रजीत असतात. त्या पाठ असण्याची शिक्षकास आवश्यकता नाही. परंतु त्यांचा क्रम कळला पाहिजे, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला मॅक्रोही डोळसपणे वापरता येतो.

तो क्रम असा असतो. मॅक्रो प्रथम तक्त्यातील शेवटच्या नोंदीपर्यंत जाऊन एकंदर नोंदी किती आहेत ते पाहतो. मग पहिल्या नोंदीवर येतो आणि वर्डला सांगतो की या खेपेस ‘फर्स्टरेकॉर्ड’ही १ आणि ‘लास्टरेकॉर्ड’ही १ समजावा, म्हणजे सर्व मुलांऐवजी एकाच मुलाचा दाखला काढावा. ‘एक्झिक्यूट’ या आज्ञेने तो दाखला नव्या कागदावर उतरतो. त्यानंतर मॅक्रो तक्त्यातून रजिस्टर क्रमांक वाचतो, त्यावरून फाइलीचे नाव बनवितो, ‘सेव्हअ‍ॅज’ या आज्ञेने ती ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि ‘क्लोज’ने बंद करतो. नंतर ‘नेक्स्ट’ ही आज्ञा त्यास दुसऱ्या नोंदीकडे नेते. असे शेवटपर्यंत. माणसाने हाताने केले असते तेच काम, त्याच क्रमाने, न कंटाळता होत जाते. मॅक्रोत याहून गूढ काही नाही.

ज्या फाइलीत मॅक्रो आहे ती ‘मॅक्रो-एनेबल्ड’ या प्रकारातच जतन करावी लागते. नेहमीच्या प्रकारात जतन केल्यास मॅक्रो गळून पडतो आणि दुसऱ्या दिवशी शोधूनही सापडत नाही. एक्सेलचा तक्ता व वर्डचा नमुना एकाच फोल्डरमध्ये ठेवावेत. तक्ता दुसरीकडे हलविला वा त्याचे नाव बदलले तर दोहोंमधील जोड तुटते. नमुना पुन्हा उघडताना वर्ड एक इंग्रजी सूचना दाखवून तक्त्यातील माहिती आणावी काय असे विचारते. तक्ता आपलाच असल्याची खात्री असेल तर तेथे ‘येस’ म्हणावे. ‘नो’ म्हटल्यास फाइल उघडते, परंतु जोड नसते, आणि मॅक्रो तेथेच अडखळतो.

फाइलीस नाव काय द्यावे ही बाब क्षुल्लक वाटते. पण पुष्कळसे नुकसान येथेच होते. मॅक्रोतील ‘सेव्हअ‍ॅज’ ही आज्ञा त्याच नावाची फाइल आधीपासून असल्यास विचारीत नाही. ती जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी ठेवते. एकेका पाड्यावर एकाच आडनावाची घरे अधिक असतात, आणि एका वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असणे मुळीच नवलाचे नाही. फाइलीचे नाव केवळ मुलीच्या नाव-आडनावावरून बनविले असेल तर पहिलीचा दाखला तयार होईल, जतन होईल आणि क्षणार्धात दुसरीच्या दाखल्याखाली नाहीसा होईल. तक्त्यात ओळी अडतीस, फोल्डरमध्ये फाइली सदतीस, आणि पडद्यावर मात्र कसलीही तक्रार नाही, अशी स्थिती होते. म्हणून फाइलीचे नाव जनरल रजिस्टरच्या क्रमांकावरून बनवावे. तो क्रमांक दोन मुलांचा सारखा असू शकत नाही.

तो क्रमांक लिहिण्याची पद्धत मात्र पाहावी. पुष्कळ रजिस्टरांत क्रमांक व साल यांच्यामध्ये तिरकी रेघ देण्याचा प्रघात आहे. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. तसेच विसर्गासारखा दिसणारा द्विबिंदू, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह, कोनी कंस व उभी रेघ हीही चालत नाहीत. असे चिन्ह भेटले की मॅक्रो मध्येच थांबतो. उपाय सोपा आहे: फाइलीच्या नावासाठी तक्त्यात एक वेगळा रकाना करावा व त्यात तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ द्यावी. दाखल्यावर छापावयाचा क्रमांक रजिस्टरात आहे तसाच राहील.

देवनागरीसंबंधीही एक विचित्र गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. वर्ड व एक्सेल मराठी उत्तम लिहितात. परंतु मॅक्रो लिहिण्याची खिडकी जुन्या धर्तीची आहे आणि सामान्यतः देवनागरी ओळखत नाही. तेथे ‘दाखला’ असा शब्द लिहिला तर त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. यास्तव मॅक्रोच्या मजकुरात मराठी शब्द लिहू नये. फोल्डरचे नाव इंग्रजी अक्षरांत ठेवावे. तक्त्यातून वाचलेले मराठी नाव मात्र फाइलीच्या नावात नीट उतरते, कारण ते या खिडकीतून जात नाही. असे असले तरी फाइल आधीपासून आहे काय हे पाहणाऱ्या व्हिज्युअल बेसिकच्या जुन्या आज्ञा देवनागरी नावापुढे फसतात. सर्व बाजूंनी पाहता, केवळ इंग्रजी अंकांत लिहिलेला रजिस्टर क्रमांक हेच फाइलीचे उत्तम नाव होय. त्या क्रमांकाचा मुलगा कोणता हे सांगण्यास जनरल रजिस्टर आहेच.

आता तक्त्याकडे वळावे. मॅक्रो स्वतः काही जाणत नाही. तक्त्यात जे असेल ते तो अडतीस वेळा विश्वासाने उतरवितो. हाताने लिहिताना एखाद्या दाखल्यात चूक होते. येथे रकान्यात दोष असला तर सर्वच दाखल्यांत होते.

यांपैकी सर्वांत घातक दोष जन्मतारखेचा आहे. एक्सेलमध्ये तारीख तारीख म्हणून लिहिली असेल, तर ती मेल मर्जमधून वर्डमध्ये येताना बहुधा अमेरिकी पद्धतीने, म्हणजे आधी महिना व मग दिवस अशी येते. तक्त्यात ती दिवस, महिना, वर्ष अशी दिसत असली तरी त्याचा उपयोग होत नाही. एक्सेल आत साठवते ते वेगळेच असते. महाराष्ट्रात १ जून या तारखेचे महत्त्व शिक्षकांस सांगावयास नको. जन्माची नोंद नसलेल्या मुलास शाळेत घालताना गुरुजी रजिस्टरात १ जून लिहीत, कारण शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. आजही खेड्यापाड्यांत असंख्य वडीलधाऱ्यांचा वाढदिवस कागदोपत्री त्याच दिवशी येतो. अशी १ जून २०१४ ही तारीख मेल मर्जमधून ६/१/२०१४ होऊन येते, आणि आपल्याकडे ती वाचणारा प्रत्येक जण तिला ६ जानेवारी समजतो. मूल एका झटक्यात पाच महिन्यांनी मोठे होते.

ही चूक सर्व तारखांत सारखीच डोळ्यांत भरली असती तर बरे झाले असते. २५ जून ही तारीख ६/२५ अशी आली तर पंचविसावा महिना नसतो हे कोणासही कळते. परंतु दिवस बारा किंवा त्याहून कमी असेल तेव्हा उलटलेली तारीखही खरीच वाटते. बारा महिन्यांतील पहिले बारा दिवस म्हणजे १४४ दिवस. त्यांतून १ जानेवारी, २ फेब्रुवारी असे दिवस व महिना सारखा असलेले १२ वगळले तर वर्षाचे १३२ दिवस असे उरतात, की त्या दिवशी जन्मलेल्या मुलाची तारीख उलटली तरी कागदावर काहीच खटकत नाही. वर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याहून हे अधिक आहे. पटावरील मुलांपैकी अशी किती, याचा अंदाज यावरून यावा.

जन्म व मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आली आणि त्या दिवशी वा नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखला हाच ग्राह्य झाला. पण आज प्राथमिक शाळेतून बाहेर पडणारी मुले त्यापूर्वीची आहेत. त्यांच्यासाठी शाळेचा दाखला हा अजूनही महत्त्वाचा पुरावा आहे. एकदा हायस्कुलाच्या रजिस्टरात व दहावीच्या प्रमाणपत्रात चुकीची तारीख गेली, की ती दुरुस्त करून घेण्यासाठी मजुरी बुडवून कोणी किती हेलपाटे घालावयाचे हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांस या रकान्याचे महत्त्व अधिक सांगणे नलगे.

उपाय असा. तारखेचा रकाना आरंभापासूनच ‘टेक्स्ट’ म्हणजे अक्षर-मजकूर या प्रकारचा करावा आणि मग त्यात ०१/०६/२०१४ असे लिहावे. एक्सेल तिला तारीख न समजता जशीच्या तशी ठेवते व वर्डलाही तशीच देते. तारखा आधीच लिहून झाल्या असतील तर मात्र नंतर प्रकार बदलू नये. तसे केल्यास १ जून २०१४ च्या जागी ४१७९१ ही संख्या उभी राहते. एक्सेल तारखा १९०० सालापासूनचे दिवस मोजून साठवीत असल्यामुळे असे होते. अशा वेळी शेजारी नवा रकाना घेऊन एक्सेलच्या ‘टेक्स्ट’ या सूत्राने तारखेचे मजकुरात रूपांतर करावे आणि दाखल्यास तो नवा रकाना जोडावा. अक्षरी जन्मतारखेचा रकाना सूत्राने न बनविता रजिस्टरवरून स्वतंत्रपणे लिहावा. अंकी व अक्षरी तारखा परस्परांस ताडून पाहण्यासाठीच दाखल्यावर दोन ठिकाणी असतात. एकीवरून दुसरी बनविली की ती ताडणी नष्ट होते.

दुसरा मोठा दोष क्रमांकांचा आहे. सरल प्रणालीतील विद्यार्थी क्रमांक १९ अंकी आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच खरे ठेवते. पुढील अंकांच्या जागी शून्ये घालते. म्हणजे १९ अंकी क्रमांकाचे शेवटचे चार अंक शून्य होतात. एका शाळेतील एका वर्षीच्या मुलांचे क्रमांक परस्परांहून भिन्न असतात ते शेवटच्या अंकांमुळेच. ते गेले की साऱ्या वर्गाचा क्रमांक एकच होऊन बसतो. दाखल्यावर लांबच लांब संख्या छापलेली दिसते, म्हणून कोणास संशय येत नाही. एकदा शून्य झालेले अंक परत आणता येत नाहीत. क्रमांक पुन्हा लिहावे लागतात. तेव्हा हाही रकाना लिहिण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ करावा. संकेतस्थळावरून घेतलेली यादी सीएसव्ही प्रकारची असेल, तर तीवर दोनदा टिचकी मारून ती थेट उघडू नये, कारण उघडतानाच हे नुकसान होते. एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून ती आत घ्यावी व घेताना तो रकाना मजकूर म्हणून ठरवून द्यावा. आधारचे १२ अंक शाबूत राहतात, परंतु तेही ‘ई+११’ असे शेपूट लावून आखडलेले दिसू शकतात.

सर्वच रकाने ‘टेक्स्ट’ ठेवण्यास आणखी एक कारण आहे. वर्डला तक्ता देताना संगणक आरंभीच्या काही ओळी पाहून रकान्याचा प्रकार ठरवितो. वरच्या ओळींत नुसते आकडे आणि खाली एखाद्या मुलाच्या क्रमांकापुढे ‘अ’ असे अक्षर असले, तर त्या मुलाची जागा दाखल्यात कोरी येते.

जुन्या फाँटांचा प्रश्नही अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. कित्येक शाळांत दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या याद्या श्रीलिपी अथवा कृतिदेव या फाँटांत आहेत. त्यांत मराठी दिसत असली तरी संगणकात साठलेली असतात ती इंग्रजी अक्षरे व चिन्हे. फाँट त्यांना फक्त मराठी रूप देतो. अशी यादी मेल मर्जला जोडली तर दाखल्यात त्या फाँटाविना अर्थहीन अक्षरे उमटतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक असल्याने हा घोटाळा होत नाही. जुनी यादी युनिकोडात रूपांतरित करणारी साधने आहेत. पण रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी यांकडे बारकाईने पाहावे. ‘कीर्ती’, ‘ज्ञानेश्वर’, ‘उर्मिला’ यांसारख्या नावांची गत रूपांतरात अनेकदा बिघडते.

मॅक्रो कोठून आणावा, याविषयी थोडे कठोर असणे इष्ट. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून तयार फाइली फिरत असतात व त्यांत मॅक्रोही असतात. मॅक्रो दाखले जतन करू शकतो, तसाच फाइली पुसूही शकतो. १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोतूनच जगभर पसरला आणि मोठमोठ्या कार्यालयांचा पत्रव्यवहार त्याने ठप्प केला. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपोआप रोखण्यास सुरुवात केली, ती याच अनुभवामुळे. ती अडवणूक दूर करण्याची युक्ती गटात लगेच कोणीतरी सांगतो. ती न ऐकलेली बरी. केंद्रातील संगणक जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून मॅक्रोचा मजकूर घ्यावा, वर सांगितलेला क्रम त्यात ओळखावा आणि तो आपल्या फाइलीत स्वतः चिकटवावा. ‘किल’ किंवा ‘डिलीट’ असा शब्द दिसला तर तो तेथे कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक असलेला भरलेला तक्ता मदतीसाठी म्हणून कोणत्याही गटात टाकू नये. मदत मागावयाची तर काल्पनिक नावांच्या दोन ओळींचा तक्ता करून तो द्यावा.

सर्व सिद्ध झाल्यावर प्रथम तीन ओळींवर प्रयोग करावा. या तीन ओळी सहज हाती आल्या म्हणून घेऊ नयेत. एक ओळ सर्वांत लांब नावाच्या मुलाची असावी, म्हणजे नमुन्याची रेघ फुटून मजकूर दुसऱ्या पानावर जातो काय ते कळेल. दुसरी १ जून अथवा तशाच फसव्या जन्मतारखेची असावी. तिसरी अशा मुलाची असावी की ज्याच्या नोंदीत एखादी जागा रिकामी आहे. हे तीन दाखले कागदावर छापून जनरल रजिस्टराशी ताडावेत. तक्त्याशी ताडणे पुरेसे नाही, कारण तक्ता हा रजिस्टराची नक्कल आहे. एकाने रजिस्टर मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने दाखल्यावर बोट ठेवून पाहावे, ही जुनी रीत येथेही उत्तम. एकशिक्षकी शाळेत वरच्या वर्गातील हुशार मुलेसुद्धा हे वाचन आवडीने करतात, आणि आपल्या नावातील चूक मुलाइतकी त्वरेने कोणासच दिसत नाही.

मग संपूर्ण तक्ता चालवावा. तक्ता आधी जतन करून बंद केलेला असावा, तसेच खाली रिकाम्या ओळी नसाव्यात. असल्यास कोरे दाखले निघतात. मॅक्रोने आरंभीची व शेवटची नोंद विचारावी अशी सोय त्यात अवश्य असावी. विजेचा भरवसा नसलेल्या गावी तेविसाव्या दाखल्यावर संगणक बंद पडला, तर चोविसाव्यापासून पुढे चालविता येते. काम संपताच फोल्डरमधील फाइलींची संख्या तक्त्यातील ओळींच्या संख्येशी जुळते काय ते पाहावे.

फाइल वर्डच्या प्रकारात ठेवावी की पीडीएफ प्रकारात, असा प्रश्न येतो. दाखल्यासाठी पीडीएफ बरे. वर्डची फाइल पालकांच्या मोबाईलवर उघडली की रेघा सरकतात व फाँट बदलतो. शिवाय तीत सहज फेरफार करता येतो. पीडीएफमध्ये नमुना जसाच्या तसा राहतो. वर्डच्या २०१० व पुढील आवृत्तींत ही सोय आहे आणि मॅक्रोतील जतनाच्या आज्ञेत तेवढा प्रकार बदलला की पुरते. अर्थात मुख्याध्यापकाची सही व शिक्का झाल्याखेरीज त्या फाइलीस दाखल्याचे मोल नाही.

येथे पुन्हा स्थळप्रतीची आठवण ठेवावी लागते. मे महिन्यात दाखले दिले. जूनमध्ये एका नावातील वेलांटी चुकल्याचे कळले. तक्ता दुरुस्त करून मॅक्रो पुन्हा संपूर्ण चालविला. सर्व जुन्या फाइली न विचारता पुसल्या जातात व त्यांच्या जागी नव्या येतात. पालकाच्या हाती मे महिन्यातील कागद आहे, शाळेपाशी मात्र त्याची प्रत उरलेली नाही. जुन्या दाखला-पुस्तकात असे होणे शक्यच नव्हते, कारण शाईने लिहिलेली स्थळप्रत जागची हलत नसे. म्हणून प्रत्येक वेळी त्या दिवसाच्या तारखेचे नवे फोल्डर करावे आणि मॅक्रो त्यातच फाइली ठेवील असे पाहावे. दुरुस्ती एकाच मुलाची असेल तर आरंभीची व शेवटची नोंद त्याचीच देऊन तेवढाच दाखला नव्याने काढावा. आधीचा मूळ दाखला परत घेऊन रजिस्टरात तशी नोंद करावी. ही फोल्डरे वर्षाअखेर पेनड्राइव्हवर उतरवून तो शाळेच्या कपाटात ठेवावा.

ज्या शाळांत मायक्रोसॉफ्ट वर्ड नाही, त्यांनी मॅक्रोच्या मागे लागण्याचे कारण नाही. लिब्रेऑफिस हे विनामूल्य मिळणारे साधन आहे. त्यातील रायटरमध्ये मेल मर्जचे काम फाइलीत जतन करावयास सांगितले की प्रत्येक नोंदीची स्वतंत्र फाइल करावी काय व तिचे नाव कोणत्या रकान्यावरून घ्यावे, हे तेच विचारते. रकाना म्हणून रजिस्टर क्रमांक निवडावा. तारखा, १९ अंकी क्रमांक व तिरक्या रेघा यांविषयीची दक्षता तेथेही तितकीच घ्यावी लागते. हंगामी स्थलांतरासाठीची शिक्षण हमी कार्डे याच तक्त्यावरून, केवळ नमुना बदलून काढता येतात. मात्र त्यासाठी तक्ता दिवाळीच्या सुट्टीपूर्वी अद्ययावत करून ठेवावा, कारण सुट्टीनंतर शाळा उघडते तोवर यांतील कित्येक मुले गावातून गेलेली असतात.